पूडलकडून शिकलेला बँकर

बँक हॉलिडे हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो कुणी तरी, कधी तरी घडवला असेल असे मनातही येत नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेने या सुट्ट्यांचा कायदा केला. तो मांडणारे खासदार होते सर जॉन लबक. शाळेच्या इतिहासात आपण पुराश्मयुग आणि नवाश्मयुग शिकतो. त्या दोन युगांसाठीचे मूळ इंग्रजी शब्दही याच गृहस्थांनी १८६५ च्या आपल्या ग्रंथात रूढ केले. पेशाने ते बँकर, हौसेने कीटकशास्त्रज्ञ, शेजाराने चार्ल्स डार्विन यांचे शिष्य. आणि या सगळ्या व्यापातून वेळ काढून त्यांनी एका काळ्या पूडल कुत्र्याला छापील कार्डांवरून जेवण मागायला शिकवले.

हा शेवटचा उद्योग अनेकांना श्रीमंत माणसाचा विरंगुळा वाटला असेल. पण कुत्र्याच्या बुद्धीबद्दल आज प्रयोगशाळांत जे प्रश्न विचारले जातात, त्यातले निम्मे तरी त्यांनी त्या कुत्र्यासमोर बसून विचारले होते.

लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ चा, लंडनचा. वडील बँकेचे मालक, शिवाय नावाजलेले गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. केंट परगण्यातल्या डाऊन गावाजवळ हाय एल्म्स ही त्यांची मोठी वाडी होती. जॉन सात-आठ वर्षांचा असताना वडील एका संध्याकाळी घरी आले आणि एक मोठी बातमी आहे म्हणाले. मुलाला वाटले, आपल्याला तट्टू मिळणार. बातमी निघाली ती अशी, की डार्विन नावाचे कुणी गृहस्थ गावात राहायला येत आहेत. मुलगा हिरमुसला. ही आठवण पुढे लबक स्वतःच हसत सांगत.

तट्टू नाही, पण गुरू मिळाला. डार्विन यांनी या मुलाला निरीक्षण करायला शिकवले, सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली, आपल्या संग्रहातले समुद्री जीव अभ्यासायला दिले. शाळा मात्र लवकर सुटली. ईटनसारख्या प्रतिष्ठित शाळेतून वडिलांनी त्याला पंधरावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास काढले आणि बँकेत बसवले. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. विशीत असतानाच त्याने एका नव्या सागरी जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला डार्विन यांचे नाव दिले. १८६० मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांतीवरून गाजलेला तो वाद झाला, तेव्हा डार्विन यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत लबकही होते. १८८२ मध्ये डार्विन गेले. त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत व्हावे यासाठी लबक यांनी संसदेतल्या सहकाऱ्यांना एकत्र केले आणि शवपेटी वाहणाऱ्यांतही ते होते.

त्यांच्या सार्वजनिक कामाची यादी इथे देत बसत नाही, ती लांब आहे. दोनच गोष्टी सांगण्याजोग्या. दुकानांत राबणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या कामाला मर्यादा हवी म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. १८८६ मध्ये कायदा झाला तेव्हा ती मर्यादा आठवड्याला चौऱ्याहत्तर तास ठरली, यावरून आधीची परिस्थिती काय असेल ते कळावे. दुसरी गोष्ट, सामान्य माणसाने वाचावीत अशा शंभर पुस्तकांची त्यांची यादी त्या काळी खूप गाजली. तिच्यात महाभारत आणि रामायण (संक्षेपाने का होईना) आणि कालिदासाचे शाकुंतलही होते.

आता मुंग्यांकडे येऊ, कारण कुत्र्याची वाट मुंग्यांवरून जाते.

लबक यांनी घरातच काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्यांची वारुळे वसवली होती. मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे बारीक ठिपके देऊन ते एकेकीवर नजर ठेवत. मुंगी आपल्या घरच्या मुंगीला ओळखते का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही मुंग्यांना दारू पाजून झिंगवले. शुद्धीतल्या मुंग्यांनी आपल्या वारुळातल्या झिंगलेल्यांना बहुतेक वेळा उचलून घरी नेले आणि परक्यांना बाजूच्या पाण्यात ढकलले. प्रकाशाचा पट्टा पाडून त्यांनी दाखवले, की माणसाला न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, कारण त्या किरणांखाली सापडलेली अळ्यांची पिल्ले मुंग्या लगबगीने हलवतात. त्यांच्याकडची एक राणी मुंगी चौदा वर्षांच्या आसपास जगली, हेही तेव्हा कुणाला शक्य वाटले नव्हते. मधमाश्यांना ऐकू येते का, हे पाहायला ते त्यांच्यासमोर व्हायोलिन वाजवत. मधमाश्यांनी दखल घेतली नाही. त्यांनी तेही लिहून ठेवले.

या सगळ्यामागे एकच सवय दिसते. प्राण्याविषयी काही वाटले, की ते लगेच न मानता प्राण्यालाच उत्तर देता येईल असा प्रसंग उभा करायचा. त्या काळी हे मुळीच सर्रास नव्हते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या हुशारीच्या गोष्टींचा पूर आला होता. कुणाचा कुत्रा रविवार ओळखे, कुणाचा पैसे मोजे. चांगले चांगले वैज्ञानिकही अशा कहाण्या गोळा करून ग्रंथ लिहीत. आज आपल्या मोबाइलवर येणारे कुत्र्यांचे व्हिडिओ पाहिले की वाटते, साधन बदलले, भूक तीच आहे.

लबक यांना कुत्र्याची कल्पना सुचली ती एका मुलीवरून. अमेरिकेतली लॉरा ब्रिजमन लहानपणीच्या तापाने दोन वर्षांची असताना अंध आणि बहिरी झाली होती. बोस्टनच्या संस्थेत डॉ. सॅम्युएल हाउ यांनी चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला शब्द शिकवले आणि तिचे मन उघडले. हेलन केलर यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लबक यांना वाटले, माणसाने आजवर कुत्र्याला आपले म्हणणे कळावे एवढीच खटपट केली. बस, ऊठ, आण, सोड. कुत्र्याला आपले म्हणणे आपल्याला सांगता यावे म्हणून कुणी काही साधन दिले आहे का? हा प्रश्न साधा दिसतो. पण तो विचारला, की शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे उलटे होते.

त्यांच्याकडे तेव्हा व्हॅन नावाचे एक काळे पूडल पिल्लू होते.

पूडल म्हटले, की डोळ्यांसमोर येतो तो फुग्यांसारखे केस कापलेला, मिरवायचा कुत्रा. मुळात ती पाण्यातून शिकार काढून आणणारी जात. तिचे नावही पाण्यात छपछप करण्याच्या जर्मन शब्दावरून पडले. थंड पाण्यात पोहताना केसांचे ओझे होऊ नये, पण छाती आणि सांधे उबदार राहावेत, म्हणून अंगावर जागोजागी केस ठेवून बाकीचे कापत. पुढे तीच फॅशन झाली. शिकारी माणसाच्या खुणेकडे सतत लक्ष ठेवून काम करायचे, हा पूडलचा जुना धंदा. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याकडे, हाताकडे, आवाजाच्या चढउताराकडे पाहत राहणे त्याच्या अंगात मुरलेले आहे. सर्कसवाल्यांनी त्याला निवडले तेही याचसाठी.

व्हॅनची शिकवणी अशी सुरू झाली. सुमारे दहा इंच लांब आणि तीन इंच रुंद असे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले. एकावर मोठ्या अक्षरांत ‘फूड’ छापलेले, दुसरा कोरा. दोन बश्या मांडल्या. पाव आणि दूध असलेल्या बशीवर अक्षरांचा पुठ्ठा, रिकाम्या बशीवर कोरा. साधारण दहा दिवसांत व्हॅन बरोबर बशीकडे जाऊ लागला. मग पुठ्ठे जमिनीवर ठेवून ते तोंडात धरून आणायला शिकवले. कोरा आणला, तर रागावणे नाही, मारणे नाही, तो नुसता परत टाकायचा. ‘फूड’ आणला, की पावाचा तुकडा. महिनाभरात त्याला फरक चांगलाच कळू लागला.

त्यानंतर ‘आऊट’, ‘टी’, ‘बोन’, ‘वॉटर’ अशी कार्डे वाढत गेली. व्हॅनला फिरायला जायचे असले, की तो ‘आऊट’चे कार्ड आणून देई आणि दाराकडे धावे. काही काळाने दहा-बारा कार्डांतून तो हवे ते निवडू लागला. लबक यांनी वही ठेवली होती. एका नोंदीत बारा दिवसांत व्हॅनने शंभराहून जास्त वेळा कार्डे आणली. त्यातली बहुतेक ‘फूड’ची, बरीच ‘टी’ची, बाकीची जेमतेम दोन. आंधळेपणाने उचलली असती, तर अशी वाटणी झाली नसती.

कुणी म्हणेल, तो वासाने ओळखत असेल. कुत्र्याच्या नाकाबद्दल ही शंका रास्तच आहे. लबक यांनी ती आधीच धरून एकाच शब्दाची अनेक कार्डे केली होती आणि ती बदलून बदलून वापरली. वास बदलला तरी निवड बदलली नाही. म्हणजे व्हॅन अक्षरांचा आकार पाहत होता. तो वाचत होता का? तसे म्हणता येणार नाही, आणि लबक यांनीही ते कधी म्हटले नाही. आपण बसवर लिहिलेली परक्या लिपीतली पाटी चित्रासारखी ओळखून बसमध्ये चढतो, तसे काहीसे ते होते. मात्र त्या चित्राचा उपयोग आपली गरज दुसऱ्याला सांगण्यासाठी करायचा असतो, हे त्याला कळले होते. खरे नवल तेच.

त्याच घरात कोली जातीची एक कुत्रीही होती. व्हॅन कार्ड देतो आणि खाऊ मिळवतो, हे ती रोज पाहत असे. तिने एकदाही कार्ड उचलले नाही. आज बुद्धीच्या याद्यांत कोलीची बहीण बॉर्डर कोली पहिली असते आणि पूडल दुसरा. त्या कुत्रीला यादी ठाऊक नव्हती, आणि तिला कुणी शिकवलेही नव्हते.

मला लबक यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो या पुढचा, म्हणजे जिथे व्हॅन नापास झाला तो.

कार्डे जमल्यावर लबक यांनी रंग घेतले. निळी, पिवळी आणि नारिंगी, प्रत्येकी दोन कार्डे. आपण एक दाखवायचे आणि व्हॅनने त्याच रंगाचे आणायचे. तीन महिन्यांहून अधिक काळ, मधले खाडे वजा करता दहा आठवडे, ही शिकवणी चालली. शेवटी लबक यांनी स्वच्छ लिहिले, की आपल्याकडून काय अपेक्षित आहे याची व्हॅनला पुसटही कल्पना आलेली दिसत नाही. ठिपक्यांवरून आकडे शिकवण्याचा प्रयत्नही असाच फसला. ज्या माणसाचा कुत्रा तोवर सगळ्या देशात चर्चेचा झाला होता, त्याने हे छापायची गरज नव्हती. त्याने छापले.

त्या अपयशाचा थोडा उलगडा शंभर वर्षांनी झाला. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन. १९८९ मध्ये अमेरिकेत हे काटेकोर चाचण्यांनी दाखवले गेले, आणि गंमत अशी, की त्या तीन कुत्र्यांतला एक टॉय पूडल होता. कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात. पिवळा आणि नारिंगी मात्र बरेचसे सारखे. म्हणजे व्हॅनची परीक्षा काही अंशी अन्यायाची होती. पण निळ्याला निळे जोडणेही त्याला जमले नाही, तेव्हा अडचण नुसती डोळ्यांची नव्हती. दाखवलेल्या वस्तूसारखीच दुसरी शोध, हा सारखेपणाचा विचार वेगळ्या जातीचा आहे. ‘फूड’ म्हणजे जेवण, हा पल्ला व्हॅनने सहज गाठला होता, कारण त्याच्या टोकाला जेवण होते.

आकड्यांवरून लबक यांना एक माहिती मिळाली, ती त्यांनी जपून नोंदवली. त्यांचे स्नेही खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांच्याकडे केप्लर नावाचा मॅस्टिफ होता. त्याला गणित घातले, की तो बरोबर तेवढ्या वेळा भुंके आणि थांबे. पाहणारे थक्क होत. खुद्द हगिन्स यांना मात्र खात्री होती, की कुत्रा मोजत नाही. उत्तराचा आकडा येताच मालकाच्या चेहऱ्यावर नकळत काही तरी हलते आणि कुत्रा ते टिपतो. मालकाने मुद्दाम काही न दाखवण्याचा प्रयत्न केला तरी ते लपत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हान्स नावाचा घोडा असाच गणितासाठी गाजला आणि १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याचे रहस्य उलगडले. मानसशास्त्राच्या पुस्तकांत आज हान्सचे नाव आहे. केप्लर त्याच्या आधी वीस वर्षे लबक यांच्या १८८८ च्या पुस्तकात बसलेला आहे.

कुत्रा गणिती नाही, हे कळल्यावर अनेकांचा विरस होतो. माझा होत नाही. समोरच्याच्या भुवईची हालचाल वाचून कधी थांबायचे ते ओळखणे, ही काही कमी बुद्धी नव्हे. घरात कुत्रा असलेल्यांना ती रोज भेटते. आपण चप्पल शोधण्याआधीच तो दारात उभा असतो.

पूडल पाळणाऱ्यांना याच्याशी थेट घेणेदेणे आहे. कुत्र्यांच्या बुद्धीची जी यादी सगळीकडे फिरते, ती कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या १९९४ च्या पुस्तकातली. आज्ञापालनाच्या स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्या सुमारे दोनशे जणांना विचारून त्यांनी ती केली. म्हणजे ती मुख्यतः मोजते ते माणसाची आज्ञा किती लवकर कळते आणि किती वेळा पाळली जाते हे. स्वतःहून कोडे सोडवणे, एकट्याने निभावणे, हे त्यात येत नाही. आणि माणसाकडे इतके लक्ष देणाऱ्या कुत्र्याची दुसरी बाजूही असते. घरच्यांचा ताण, चढलेला आवाज, बदललेले वेळापत्रक पूडलला चटकन लागते. दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकटा ठेवला, डोक्याला काही काम दिले नाही, तर तो भुंकतो, सामान कुरतडतो, स्वतःचे पंजे चाटत बसतो. मग हाच हुशार जातीचा कुत्रा हट्टी ठरतो. केस कमी गळतात म्हणून त्याला पसंत करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की न गळणारे केस गुंततात, आणि रोज विंचरणे व नियमित कापणे टळत नाही. कानांतही केस वाढतात, त्यामुळे तेही तपासत राहावे लागतात.

जातीवरून स्वभाव ठरवण्याची घाईही करू नये. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या पाहणीत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय वाचन केले होते. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला सरासरी नऊ टक्केच जातीने सांगता येतो, असे तिच्यात आढळले. शिकवण्याजोगेपणात जातीचा वाटा थोडा जास्त दिसतो, चिडखोरपणात फारच कमी. व्हॅन हुशार होता तो पूडल म्हणून किती आणि लबक यांनी रोज त्याच्याजवळ बसून धीराने शिकवले म्हणून किती, हे आता वेगळे करता येणार नाही.

१९०० मध्ये लबक यांना सरदारकी मिळाली. एवबरी येथील प्राचीन शिलावर्तुळावर घरे उठू नयेत म्हणून त्यांनी तिथली जमीन विकत घेतली होती. म्हणून त्यांनी किताबही लॉर्ड एवबरी असाच घेतला. २८ मे १९१३ रोजी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हाय एल्म्सचे घर १९६७ मध्ये आगीत जळाले. भोवतालची वनराई सार्वजनिक उद्यान म्हणून आजही आहे.

अलीकडे काही कुत्र्यांना जमिनीवर मांडलेली बटणे दाबून बोलायला शिकवतात. बटण दाबले, की मालकाच्या आवाजातला एक शब्द ऐकू येतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकोणसाठ कुत्र्यांवर याची तपासणी प्रसिद्ध केली. शब्द मालकाने उच्चारला काय किंवा परक्या माणसाने बटण दाबून वाजवला काय, कुत्रे त्या शब्दाला साजेसे वागले. खेळ म्हटल्यावर खेळणे शोधू लागले. दुसरा शब्द ऐकल्यावर दाराकडे गेले. तो दुसरा शब्द ‘आऊटसाइड’ होता.